टेबलाखालची पेटी

अर्स्किन चाइल्डर्स यांची ‘द रिडल ऑफ द सॅन्ड्स’ ही कादंबरी १९०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. हेरकथांच्या परंपरेत तिचं नाव पहिल्या रांगेत घेतात. जर्मनी समुद्रमार्गे इंग्लंडवर उतरू शकेल ही धास्ती तिने वाचकांच्या मनात घातली, हेही सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरंच आहे. पण शिडाच्या लहान बोटीत टेबल कुठे आणि कशाच्या आधाराने मांडावं, हा अगदी सुतारकामाचा प्रश्न या कादंबरीइतका नेमका मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. तोही पाचसहा वाक्यांत. दुसऱ्या प्रकरणात ती वाक्यं येतात आणि बहुतेक वाचक ती गंमत म्हणून वाचून पुढे जातात.

त्या वाक्यांपाशी थोडं थांबायचं आहे. त्यासाठी कादंबरीचं रहस्य फोडावं लागेल. ज्यांना चालणार नाही त्यांनी आधी कादंबरी वाचून यावं.

निवेदक कॅरुथर्स हा परराष्ट्र खात्यातला तरुण अधिकारी. सप्टेंबर महिना, ओळखीचे सगळे लंडनबाहेर, आणि हा एकटा कामात अडकलेला. कादंबरीचा पहिलाच परिच्छेद जेवणाच्या पोशाखाबद्दल आहे. ब्रह्मदेशासारख्या दूरच्या मुलखात एकटे पडलेले इंग्रज रानटीपणाकडे घसरू नये म्हणून रोज रात्री साग्रसंगीत कपडे करून जेवायला बसतात, असं ऐकिवात असतं. कॅरुथर्स ओस पडलेल्या लंडनमध्ये तेच करतोय. अशा माणसाला ऑक्सफर्डच्या ओळखीतल्या डेव्हिसचं पत्र येतं: बाल्टिक समुद्रात बोट घेऊन आलोय, बदकांची शिकार करू, ये. सोबत आणायच्या वस्तूंची यादी. त्यात रिपिंगिल कंपनीचा स्टोव्ह, होकायंत्र, तंबाखू, दोरखंड ताणायचे स्क्रू. कॅरुथर्सच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र यॉट आणि तिच्यावरचे पगारी खलाशी. फ्लेन्सबुर्गला रात्री उतरून बघतो तर तीस फुटी ‘डल्सिबेला’, जुनी लाइफबोट बदलून केलेली, आणि खलाशी म्हणाल तर डेव्हिस एकटा. कॅरुथर्सची बॅग बोटीच्या तोंडातून आत जाईना. धक्क्यावरच ती उघडून सामान हाताहातांनी आत सोडावं लागलं.

मग तो स्वतः आत उतरतो, आणि आपली वाक्यं येतात.

डेव्हिस खुशीत सांगतो की ताठ बसायला इथे भरपूर जागा आहे. कॅरुथर्स कबूल करतो, कारण बसल्यावर डोकं लागत नाही, एवढं खरं. डेव्हिस पुढे म्हणतो की काही लोक छताच्या उंचीचं फार मनावर घेतात, मला त्याचं काही वाटत नाही. इतक्यात कॅरुथर्स पाय लांब करतो आणि गुडघा कशाच्या तरी धारेवर आपटतो. ही सेंटरबोर्डची पेटी, डेव्हिस सांगतो. कॅरुथर्सला ती दिसलेली नव्हती, कारण ती टेबलाखाली होती. टेबलाचं एक टोकच तिच्यावर टेकलेलं होतं. लांबट, बुटकी, त्रिकोणी अशी ती वस्तू बोटीच्या लांबीला धरून पसरलेली, मुळात तोकड्या जागेचे दोन भाग करणारी. डेव्हिसचं चालूच असतं: बोटीचा तळ सपाट आहे, पाणी फार कमी लागतं, म्हणून छत खाली, खोल पाण्यात पत्रा खाली सोडायचा, थोडक्यात, हिला घेऊन जवळपास कुठेही जाता येतं.

चाइल्डर्स यांनी माहिती कोणत्या क्रमाने दिली ते बघा. आधी गुडघ्याला कळतं, मग कानाला, मग डोळ्याला आणि सगळ्यात शेवटी डोक्याला. दुसऱ्या कुणी आधी केबिनचं वर्णन केलं असतं, मधोमध टेबल आहे, टेबलाखाली पेटी आहे असं सांगितलं असतं, आणि मग नायकाचा पाय आपटवला असता. इथे वाचकही कॅरुथर्सबरोबर आपटतो. लहान बोटीत पहिल्यांदा उतरलेल्या प्रत्येकाचं असंच होतं. आराखड्यावर टेबल निरागस दिसतं. वरून काढलेल्या चित्रात त्याची फक्त वरची फळी दिसते, आणि आपले गुडघे राहतात त्या फळीखाली.

दुसरी खुबी डेव्हिसच्या बोलण्यात आहे. तो माफी मागत नाही. पाहुण्याचा गुडघा फुटलाय आणि यजमान त्या अडचणीचं नाव सांगून तिची तरफदारी करतोय. त्याच्या बोलण्यातली साखळी मात्र अचूक आहे. टेबल पेटीवर, पेटी पत्र्यासाठी, पत्रा हवा कारण तळ सपाट, तळ सपाट म्हणून छत बुटकं, आणि या सगळ्या गैरसोयींच्या बदल्यात कुठेही जायची मुभा. केबिनमधली एकही गोष्ट सुटी नाही. बोट विकत घेणाऱ्याला दुकानदार टेबलाचं लाकूड, पॉलिश, किती माणसं बसतात हे सांगतो. डेव्हिस टेबलापासून सुरुवात करून समुद्रापर्यंत पोचतो.

ही पेटी म्हणजे नेमकं काय, हे न कळता पुढे वाचण्यात मजा नाही. उथळ बोटीला शिडाच्या जोराने आडवं घसरू न देण्यासाठी पाण्यात खोल जाणारं काहीतरी लागतं. पक्की कील, म्हणजे तळाखालचा कायमचा खोल कणा, नको असेल तर तळाला लांब खाच पाडतात आणि तिच्यातून लोखंडी पत्रा किंवा लाकडी फळी खाली सोडतात. हाच सेंटरबोर्ड. पुढच्या टोकाला खीळ, तिच्याभोवती पत्रा फिरतो. मागचं टोक दोरीने वर ओढलं की पत्रा बोटीच्या पोटात येतो. आता तळाला खाच म्हणजे पाणी आत येणारच. म्हणून खाचेभोवती पाणबंद पेटी बांधायची, बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून उंच. पत्रा मागच्या बाजूला जास्त उचलला जातो, म्हणून पेटी मागे उंच आणि पुढे उतरती, त्रिकोणी. म्हणजे ते दोघं जेवायला बसतात तेव्हा त्यांच्या ताटाखाली, दोन फळ्यांच्या मधे, बाहेरच्या समुद्राइतक्याच पातळीवर समुद्राचं पाणी उभं असतं. कॅरुथर्सला त्या रात्री हे उमगलेलं नसावं.

आता टेबलाचा विचार करणाऱ्याने कागद घ्यावा. ‘डल्सिबेला’ तीस फूट लांब आणि नऊ फूट रुंद. नऊ फूट म्हणजे बाहेरून सुमारे २७५ सेंटिमीटर. लाकडाची जाडी, आतली बरगड्यांची चौकट, पाठीमागच्या फळ्या धरल्या तर बसायच्या उंचीवर आत २४० सेंटिमीटर उरले तरी नशीब. दोन्ही बाजूंना बाकं, साठ-साठची, कारण रात्री त्यांवरच झोपायचं. राहिले १२०. मधे पेटी, जाडी १५ धरू. पायांना प्रत्येक बाजूला पन्नासेक सेंटिमीटर. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, चाइल्डर्स यांनी दिलेले नाहीत. पण या आकाराच्या कुठल्याही बोटीत ते फारसे हलत नाहीत. आता या १२० मध्ये ८० सेंटिमीटर रुंदीचं पक्कं टेबल बसवा. दोन्ही कडांना वीस-वीस सेंटिमीटर उरतात. बसलेला माणूस उठू शकत नाही, पुढे जाणाऱ्याला बाकावर चढून जावं लागतं. तेच टेबल मधे पंचवीस सेंटिमीटरची पक्की फळी आणि दोन्हीकडे बिजागऱ्यांवर पडणाऱ्या फळ्या असं केलं, तर जेवताना ८० आणि एरवी २५. म्हणूनच लहान बोटींच्या बांधणीत ही पडत्या फळ्यांची तऱ्हा इतकी वर्षं टिकली. मधल्या पंचवीस सेंटिमीटरच्या पोटात बाटल्या, मीठ, काड्यापेट्या ठेवायचा कप्पा होतो, तो नफा वेगळा.

मला विचाराल तर पेटी असलेल्या बोटीत वाद घालूच नये. पेटीवरच टेबल उभारावं. नाहीतरी ती तिथेच राहणार, आणि बोटीतली तिच्याइतकी मजबूत दुसरी वस्तू डोलकाठीच. टेबलाची खरी परीक्षा जेवणात होत नाही. लाट बसली, बोट कलली आणि ऐंशी किलोचा माणूस तोल जाऊन टेबलावर कोसळला, की होते. एका नळीवर उभं, नळी काढून बाजूला ठेवता येणारं टेबल बंदरात फार सोयीचं. जागा मोकळी होते, फळी खाली बसवून पलंग होतो. पण समुद्रावर त्या नळीची जमिनीतली खोबण आधी ढिली होते, मग एखाद्या रात्री फळी, ताटं आणि माणूस एकदमच खाली येतात. पेटीवरचं टेबल माणसाला झेलतं. मधे अडथळा आहे म्हणून तर पडणारा केबिनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. कॅरुथर्स ज्या वस्तूला शिव्या घालतो तिलाच वादळात धरून बसावं लागतं.

कलण्याचंही गणित आहे. बोट वीस अंश कलली, आणि वाऱ्यावर जाताना वीस अंश म्हणजे काही विशेष नाही, तर ८० सेंटिमीटरच्या टेबलाची एक कड दुसरीपेक्षा जवळजवळ २७ सेंटिमीटर वर जाते. कडेला इंचभर उंच पट्टी लावली तर ताट थांबतं, आमटी थांबत नाही. यावर उपाय म्हणून झुलतं टेबल करतात: बोटीच्या लांबीच्या दिशेने आस, खाली वजन, बोट कलली तरी फळी सपाट. कल्पना सुंदर आहे. पण फळी सपाट राहते म्हणजे बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ती हलते. खालच्या बाजूला बसलेल्याच्या छातीकडे चौदाएक सेंटिमीटर वर येते, वरच्या बाजूच्याच्या मांडीवर तितकीच उतरते. त्यावर कोपर टेकवायचा नाही, पडताना हात टाकायचा नाही. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९६६-६७ साली ‘जिप्सी मॉथ फोर’मधून एकट्याने, वाटेत फक्त सिडनीला थांबून, जगप्रदक्षिणा केली. त्यांच्या बोटीत खुर्चीच झुलती होती. ती बोट सहज आणि फार कलायची, अशी त्यांची तक्रारच होती. त्यामुळे ही चैन तिथे समजू शकते. एकटा माणूस, एक खुर्ची. दोघांच्या वाट्याला हे सुख आणायचं म्हटलं की आधी गुडघ्यांची जागा मोजावी लागते, आणि तीस फुटांत ती नसते.

१९६०-७०च्या दशकांत फायबरग्लासच्या बोटी कारखान्यात निघू लागल्या तेव्हा एक वेगळीच मांडणी लोकप्रिय झाली. रेल्वेच्या डब्यातल्या समोरासमोरच्या बाकांसारखी दोन आखूड बाकं एका बाजूला, मधे टेबल. रात्री टेबल खाली उतरवलं की दोघांचा पलंग. ‘कॅटालिना २७’ या अमेरिकन बोटीत ही मांडणीही मिळे आणि दोन्हीकडे लांब बाकांची जुनी मांडणीही. गिऱ्हाइकाने निवडायचं. बोट दाखवायला नेलेल्या कुटुंबाला पहिली मांडणी हमखास आवडते, कारण ती घरासारखी दिसते. पण ती बाकं बोटीला आडवी असतात. बोट कलली की बसलेला माणूस शेजाऱ्याच्या अंगावर सरकतो. लांब बाकावर तो निदान पाठीवर रेलतो किंवा पाय समोर टेकवतो. आणि तो पलंग करायचा तर टेबलावरचं सगळं आधी उचलावं लागतं, रोज रात्री. नकाशा, कप, अर्धं राहिलेलं पत्र. डेव्हिसला हे अजिबात सहन झालं नसतं.

कारण डेव्हिसच्या टेबलावर नकाशा असतो. त्या बोटीत नकाशासाठी वेगळं टेबल नाही. तिथेच जेवायचं, तिथेच जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा पसरून डेव्हिस आपली खरी हकिगत सांगायला लागतो: बदकं वगैरे निमित्त होती. डॉलमान नावाच्या माणसाने ‘मेडूसा’ या आपल्या बोटीमागून ये, जवळची वाट दाखवतो, असं सांगून त्याला वादळात शारहर्नच्या वाळूच्या पट्ट्यांत नेऊन सोडलं होतं, मरायला. या प्रसंगापाशी दुसऱ्या प्रकरणातला गुडघा आठवतो. डेव्हिस वाचतो तो पत्रा वर ओढता येत होता म्हणून, तळ सपाट होता म्हणून. कमरेएवढ्या पाण्यातही ‘डल्सिबेला’ तरंगू शकते म्हणून. खोल कीलची ऐटदार यॉट, कॅरुथर्सच्या मनातली ती, पहिल्याच पट्ट्यावर फुटली असती.

पुढची कादंबरी फ्रिजियन बेटांमागच्या उथळ पाण्यात घडते. भरतीला समुद्र, ओहोटीला मैलोगणती ओली वाळू आणि तिच्यातून नागमोडी गेलेले ओहोळ. डेव्हिस मुद्दाम बोट वाळूवर बसू देतो. पाणी उतरतं, ‘डल्सिबेला’ आपल्या सपाट तळावर उभी राहते, सरळ. दाभोळ-बाणकोटच्या खाड्यांत सुकतीला गाळात बसलेल्या होड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कीलवाली होडी कशी एका कुशीवर पडते ते सांगायला नको. तशा बोटीत ओहोटीचे सहा तास कोपऱ्यात गोळा होऊन काढावे लागतात. इथे हे दोघं चहूबाजूंनी उघडी वाळू असताना समतल टेबलावर नकाशा पसरून बसलेले. मेमर्ट बेटाकडे दाट धुक्यातून छोट्या नावेने, डोळे मिटल्यासारखं, फक्त होकायंत्र आणि अंतराच्या हिशेबावर जायचं, हा पुस्तकातला सगळ्यात थरारक भाग. त्याचा पाया या सपाट टेबलावरची ती चिवट नकाशेगिरी आहे. वल्ही कॅरुथर्सच्या हातात, पण वाट टेबलाने शिकवलेली.

आणि रहस्य? जर्मन सैन्य इंग्लंडवर मोठ्या जहाजांतून जाणारच नाही. किनाऱ्यावरच्या लहान लहान कालव्यांच्या मुखांतून, भरतीच्या पाण्यावर, टगबोटींनी ओढलेल्या सपाट तळाच्या पडावांतून जाणार. ज्या किनाऱ्याकडे कुठलंच आरमार बघत नव्हतं, कारण तिथे पाणीच नव्हतं, तिथूनच. म्हणजे कोडं आणि कोडं सोडवणारी बोट यांचा तळ एकच. हे गुपित चाइल्डर्स यांनी दुसऱ्या प्रकरणात टेबलाखाली ठेवलं होतं आणि आपण ते विनोद समजून हसलो होतो. पेटीवर टेकलेलं टेबल कथानकासाठी बनवलेलं वाटत नाही, कारण ते तसं बनवलेलंच नाही. चाइल्डर्स स्वतः १८९७ साली ‘व्हिक्सन’ नावाच्या अशाच बदललेल्या लाइफबोटीतून फ्रिजियन बेटं आणि बाल्टिकमध्ये हिंडले होते. ‘डल्सिबेला’ तिच्यावरून घेतली; नाव स्वतःच्या बहिणीचं. तो गुडघा बहुधा त्यांचाच असावा.

सगळं कौतुक करून झाल्यावर दोष सांगायला हरकत नाही. डॉलमानची मुलगी क्लारा हिची प्रेमकथा कादंबरीत ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. केबिनमधली भांडीकुंडी तिच्यापेक्षा जिवंत आहेत. आणि टेबलाच्या बाबतीत डेव्हिसचं एक मत मला पटत नाही. छताची उंची मनावर घेऊ नये, हे तो तरुण आहे म्हणून म्हणतो. बसल्यावर आसनापासून छतापर्यंत नव्वदेक सेंटिमीटर आणि उशीपासून टेबलाच्या फळीपर्यंत अठ्ठावीसएक, ही दोन मापं जमली नाहीत तर उत्तमातलं उत्तम टेबलही मान मोडतं. चाळिशीनंतर बोट घेणाऱ्याने डेव्हिसचं हे वाक्य सोडून द्यावं.

माणसं किती, हाही प्रश्न चाइल्डर्स यांना पडला नाही, कारण तिथे दोघंच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या शिपयार्डमध्ये बांधलेल्या नौदलाच्या ‘तारिणी’वर २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी जगप्रदक्षिणा केली, आणि २०२४-२५ मध्ये त्याच बोटीवर दोघींनी. बोट तीच, पण टेबलाशी बसणारी माणसं सहाची दोन झाली. लांबच्या प्रवासात पाळ्या असतात. कुणी सुकाणूवर, कुणी झोपलेलं, त्यामुळे सहाही जणी एकाच वेळी टेबलाशी क्वचितच बसणार. सगळ्यांना पुरेल एवढं टेबल नांगर टाकल्यावर लागतं. समुद्रावर दोनतीन माणसं घट्ट बसतील एवढं पुरतं. आराखडा निवडणारे नेमका नांगरावरचा दिवस डोळ्यांपुढे आणतात आणि फसतात.

चाइल्डर्स यांनी पुढे दुसरी बोट घेतली, ‘आसगार्ड’. १९०५ साली नॉर्वेत कॉलिन आर्चर यांनी बांधलेली, लग्नाची भेट. खोल, पक्की कील. टेबलाखाली पेटी नाही. जुलै १९१४ मध्ये याच बोटीतून त्यांनी आणि त्यांची पत्नी मॉली यांनी आयर्लंडच्या स्वयंसेवकांसाठी ९०० बंदुका हाउथ बंदरात उतरवल्या. प्रवासात केबिन बंदुकांनी भरलेली, वर गाद्या, आणि त्यांवर माणसं. इंग्लंडला सावध करणारी कादंबरी लिहिणारा हा माणूस आयरिश यादवीत १९२२ साली आयरिश सरकारच्याच गोळ्यांनी मारला गेला. ‘आसगार्ड’ आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कादंबरीचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे ती सहज आणि फुकटही मिळते. फक्त एक करा: मूळ पुस्तकातले नकाशे छापलेली आवृत्तीच घ्या. स्वस्त आवृत्त्यांतून ते पुष्कळदा गाळलेले असतात, आणि नकाशे नसतील तर डेव्हिस टेबलावर काय दाखवतोय ते शेवटपर्यंत कळत नाही.